कॅमेरा जरूर घ्या, पण म्हैस विकून नको

तुळशीचं लग्न लागलं की गावोगावच्या तरुण पोरांच्या डोक्यात एक विषय हमखास येतो. लग्नसराई तोंडावर आलेली असते, आणि गावातला नाहीतर शेजारच्या वाडीतला कुणीतरी गळ्यात काळा कॅमेरा अडकवून मांडवात मिरवताना दिसलेला असतो. मग घरात बोलणं निघतं. "आबा, लाखाचा कॅमेरा घेतला की एका सीझनला फिटतो बघा." आबांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. पण पोरगं काहीतरी धंदा करू म्हणतंय, पारावर बसून मोबाइल खाजवण्यापेक्षा बरं, म्हणून तेही मनातून तयार होतात. आणि बघता बघता दावणीची दुभती म्हैस बाजारात जाते, नाहीतर दुकानदाराच्याच टेबलावर हप्त्याचा कागद भरला जातो.

पोरांनी या धंद्यात उतरू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उतरावे. शेतीला जोड हवीच आहे, आणि ही जोड हातातल्या कसबाची आहे. म्हणणे एवढेच की पहिला कॅमेरा नवा नसावा, कर्जाचा तर नसावाच. आणि जो काही पैसा घालायचा तो कॅमेऱ्याच्या डब्यात न घालता भिंगात आणि उजेडात घालावा. हे उलटं का होतं आणि सुलटं कसं करायचं, ते जरा सविस्तर पाहू.

आधी हप्त्याचे बोलू. लग्नाचे मुहूर्त बारा महिने नसतात. आषाढी एकादशीला देव झोपले की कार्तिकीपर्यंत चार महिने मांडव पडत नाही. त्यात पौषात मुहूर्त तुटपुंजे. म्हणजे धंदा निम्म्या वर्षाचा. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही; तो श्रावणातही पाच तारखेला खात्यातून उडतो. बरं, लग्न झालं तरी पैसे कुठं लगेच येतात? गावातलं काम म्हणजे भावकीतलं, ओळखीतलं. "उसाचं बिल आलं की देतो की रं," हे उत्तर ऐकून घ्यावं लागतं. उसाचं बिल चौदा दिवसांत द्यावं असं कायद्यात लिहिलेलं आहे, पण ते कधी येतं हे वाचकांना आम्ही काय सांगावं! पाऊस दगा देतो त्या वर्षी लग्नं रजिस्टर नाहीतर देवळात उरकतात, आणि खर्चाला कात्री लागते तेव्हा ती पहिली फोटोवाल्यावर चालते. २०२० चा उन्हाळा आठवा. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, नंतर लग्नाला माणसं पन्नास, आणि अख्खी सराई हातची गेली. कर्ज काढून नवा कॅमेरा घेतलेल्यांचे त्या वर्षी काय झाले असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हैस विकून घेतलेल्या कॅमेऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. म्हैस वर्षाआड वेत देते, रोज सकाळ-संध्याकाळ दूध देते, गोठ्याला शेण देते. कॅमेरा पेटीतून बाहेर काढला की त्याच दिवशी त्याची किंमत उतरते. नव्या कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी असतो (२०१९ पूर्वी तो २८ टक्के होता), आणि नोंदणी नसलेल्या आपल्यासारख्याला त्यातला पैसाही परत मिळत नाही. विकायला गेलात तर कराचे पैसे कुणी मोजत नाही.

आता दुसरी गोष्ट. मोबाइलने या धंद्याचा खालचा थर खाऊन टाकला आहे, हे मान्य करून चालावे. पिकाचं नुकसान झालं की ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं, त्याचा फोटो शेतकरी स्वतःच मोबाइलवर काढतो. घरकुलाचा, शेततळ्याचा, ठिबकचा फोटो जागेच्या नोंदीसह मोबाइलवरूनच चढतो. वाढदिवस, बारसं, नवा ट्रॅक्टर, सगळं मोबाइलवर. तेव्हा कॅमेऱ्याने पैसा मिळवायचा तर मोबाइल जिथे हरतो तिथेच मिळवावा लागेल. आणि मोबाइल हरतो अंधारात, लांबवर, आणि मोठ्या छपाईत. रात्रीची हळद, एका ट्यूबलाइटवर चाललेला गोंधळ, स्टेजपासून पन्नास फुटांवरून दिसणारा नवरीच्या बापाचा चेहरा, ही कॅमेऱ्याची कामे. या कामांना काय लागते?

इथे शेतकऱ्याला कळेल असे उदाहरण देतो. कॅमेऱ्याची बॉडी म्हणजे ट्रॅक्टर आणि लेन्स म्हणजे औजार. नवाकोरा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर आणला आणि मागं मोडका फाळ लावला तर नांगरट कशी होणार? आमच्या पोरांचं नेमकं तसंच होतं. सगळा पैसा बॉडीत, आणि पुढं ती पेटीबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स. ही लेन्स वाईट नाही. दिवसा, उन्हात, मोठ्या घोळक्याच्या फोटोला ती उत्तम. पण जवळचा चेहरा घ्यायला तिला ५५ पर्यंत ओढली की तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. उलट ५० ची साधी, झूम नसलेली लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. हा आकडा जितका लहान तितका आत येणारा उजेड जास्त. हिशेब केला तर जवळजवळ नऊ-दहा पट उजेड जास्त आत येतो. म्हणजे ज्या मांडवात १८-५५ ला सेकंदाचा दहावा भाग पडदा उघडा ठेवावा लागतो, तिथे ५० ला शंभरावा भाग पुरतो. दहाव्या भागात नवरी पापणी हलवते, भटजी हात हलवतो, आणि सगळे चेहरे पुसल्यासारखे येतात. शंभराव्या भागात अंतरपाट दूर झाल्यावरचं हसू जसंच्या तसं सापडतं. हा फरक तुम्ही बॉडीला आणखी पन्नास हजार घालून विकत घेऊ शकत नाही. ही लेन्स मात्र नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपास मिळते, जुनी त्याहून कमी.

फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँचे नाव काहींनी ऐकले असेल. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची छायाचित्रे त्याने टिपली. तो जन्मभर बहुतेक काम ५० च्याच लेन्सवर करीत असे. त्याच्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर ती ५० ची होती तशी आपल्या स्वस्त कॅमेऱ्यावर राहत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवा. आपला सेन्सर लहान, म्हणून निकॉनवर ती ७५ सारखी आणि कॅननवर ८० सारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी दोन-तीन माणसांपलीकडे मावत नाही. तेव्हा १८-५५ ही जवळ असू द्या. आणि एफ १.८ वर मागच्या रांगेतली माणसं धुरकट होतात; मामेभाऊ, चुलतभाऊ असे तीन रांगांचे फोटो त्यावर काढाल तर नंतर शिव्या खाल.

मेगापिक्सेलचं काय, असं कुणी विचारेल. दुकानदार हाच आकडा पुढं करतो. सहा बाय चारचा फोटो छापायला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. आपल्याकडे चालणारा करिझ्मा अल्बम १२ बाय ३६ चा असतो खरा, पण त्या पानावर एकच फोटो कुठं असतो? चार-पाच असतात. एखादा १२ बाय १८ चा मोठा छापला तरी १६ ते १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याला पुरून उरतो. आणि १६-१८ मेगापिक्सेल २०१० पासूनच्या कॅमेऱ्यांत आहेत. मग नव्याचा अट्टहास कशाला?

जुन्या मालाला सध्या दिवसही चांगले आहेत. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर आरसा असलेला, म्हणजे डीएसएलआर जातीचा नवा कॅमेरा आणलेला नाही. त्यांचं सगळं लक्ष बिनआरशाच्या, मिररलेस कॅमेऱ्यांकडं. शहरातले स्टुडिओवाले तिकडे वळले आणि त्यांचे धडधाकट जुने कॅमेरे बाजारात आले. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जा, नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्टुडिओवाल्याला विचारा. मिररलेस वाईट असं कोण म्हणतंय? डोळा ओळखून फोकस धरण्यात ते सरसच आहेत. पण ते दुसऱ्या कॅमेऱ्याच्या वेळी बघू. आज घेतलेली चांगली लेन्स तेव्हाही कामाला येते. कॅननची ईएफ जातीची लेन्स १९८७ पासून निघाली, ती अडॅप्टर लावून आजच्या मिररलेसवर चालते. बॉड्या बदलत राहतात, लेन्स घरात राहते.

जुना कॅमेरा घ्यायचा म्हणजे बैलबाजारात बैल घेण्यासारखं आहे. हेडी रुमालाखाली बोटं धरून गोड बोलणार. पण आपण दात बघतो, खूर बघतो, दहा पावलं चालवून बघतो, मगच विसार देतो. कॅमेऱ्याचे दात म्हणजे शटर काउंट, म्हणजे आजवर किती वेळा पडदा उघडला तो आकडा. स्वस्तातल्या निकॉनचा पडदा साधारण एक लाख वेळा चालेल असा कंपनीचा अंदाज असतो. डी ७००० सारख्याचा दीड लाख. एका लग्नात दोन हजार फोटो सहज निघतात, म्हणजे पन्नास लग्नांत लाख झाले. तेव्हा वरून चकचकीत दिसणारा कॅमेरा आतून जुळलेल्या बैलासारखा असू शकतो. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. एक फोटो काढून घ्या आणि संगणकावर बघा. कॅननच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत तो फाइलमध्ये सापडत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. विकणाऱ्याला दाखवायला लावा. तो टाळाटाळ करतो म्हटल्यावर काय ते समजा.

मग लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोकणपट्टीतून, घाटमाथ्यावरून आलेल्या लेन्समध्ये ती फार. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका. तोंड बारीक करून, एफ १६ वर, पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. धूळ साफ होते, पण भाव पाडायला उपयोगी. आणि बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबराशी जुळतो का हे बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. चोरीचा माल घेतलात तर कॅमेराही जातो आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या वर.

नावं सांगा म्हणाल, तर सांगतो. निकॉनमध्ये डी ७००० हा २०१० चा कॅमेरा आमच्या मते नवख्या लग्नवाल्यासाठी आजही सोन्यासारखा. १६ मेगापिक्सेल, लेन्स फिरवायची मोटर बॉडीतच, आणि दोन कार्डांची सोय. दोन कार्डांचं महत्त्व ज्याचं एक कार्ड बिघडलंय त्यालाच कळतं. नवरा-नवरी काही तुमच्यासाठी पुन्हा अक्षता टाकून घेणार नाहीत. त्याच्याहून हलक्या डी ३२००, डी ३३००, डी ५३०० या बॉड्यांतही दम आहे, पण त्यांच्यात मोटर नाही. त्यांच्यावर ५० ची स्वस्त जुनी, 'डी' अक्षराची लेन्स आपोआप फोकस धरत नाही. हाताने फिरवत बसावं लागतं. 'जी' अक्षराची, एएफ-एस लिहिलेली घ्या. दुकानात हे कुणी आपण होऊन सांगत नाही. कॅननमध्ये ही भानगड नाही. ईएफ लेन्समध्ये मोटर तिची तिच्यातच असते.

पण कॅननमध्ये दुसरी मेख आहे. २०१८ मध्ये आलेले १५०० डी आणि ३००० डी गावोगावी दिसतात, कारण ते नव्यात सर्वांत स्वस्त होते. त्यांच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जी पट्टी असते, तिच्या मधली पिन कंपनीने काढून टाकली आहे. त्यामुळे बाजारातले बरेच स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यांच्यावर पेटत नाहीत. ३००० डी ला तर लेन्स बसते ती कडीसुद्धा प्लॅस्टिकची. त्यापेक्षा आधीचा १२०० डी किंवा १३०० डी घ्या. मधली पिन जागेवर आहे आणि पैसेही वाचतात. कुठलाही जुना कॅमेरा बघायला जाताना फ्लॅश उसना घेऊन जा आणि तिथंच पेटवून बघा, म्हणजे घोळ नाही.

फ्लॅश मात्र हवाच, आणि तो कॅमेऱ्यावरचा टिचभर नव्हे, डोकं फिरणारा वेगळा. तो तोंडावर सरळ मारला की माणसं पोलिसांनी पकडल्यासारखी दिसतात. म्हणून उजेड छतावर उसळवून घ्यायचा. आता पुस्तकात छत पांढरं असतं, आपल्याकडं असतो लाल-पिवळ्या कापडाचा मांडव. त्यावर उसळवलात तर नवरीची हळद शेंदरी होते. पांढऱ्या कार्डाचा तुकडा रबराने फ्लॅशला बांधा, नाहीतर स्टँडवर पांढरी छत्री लावा.

आता बेरीज करू. भाव मालागणिक बदलतात, तेव्हा आकडे अदमासे धरा. जुनी बॉडी १८-५५ सकट पंधरा ते वीस हजार, ५० ची लेन्स दहाच्या आत, फ्लॅश पाच-सहा, बरा तिकाटणं-स्टँड दोन, दुसरी बॅटरी आणि दोन चांगली कार्डं तीन. चाळिसाच्या आत खेळ आटोपतो. कर्ज काढायचंच झालं तरी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत विनातारण मिळतं. मात्र बँक कोटेशन मागते आणि कोटेशन नव्या मालाचं सहज मिळतं, म्हणून माणूस पुन्हा नव्याकडंच ढकलला जातो. त्यापेक्षा दोन टप्प्यांत घ्या. आधी बॉडी आणि ५०, पहिल्या सराईच्या कमाईतून बाकीचं.

मोठं काम आलं, लांबची लेन्स हवी, दुसरी बॉडी हवी, तर भाड्यानं आणा. मळणीयंत्र काय प्रत्येकाच्या दारात असतं? तासावर आणतोच ना आपण! शहरात कॅमेऱ्याचं सामान दिवसाच्या भाड्यानं मिळतं. अनामत ठेवावी लागते आणि आणताना ओरखडा न् ओरखडा दाखवून घ्यावा लागतो, एवढंच.

आणि कॅमेरा घेण्याच्याही आधी एक सराई तालुक्याच्या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली काढा. फ्लॅश धरा, वायरी गुंडाळा, आहेराच्या वेळी कुठं उभं राहायचं ते बघा. रोलचा जमाना होता तेव्हा ३६ फोटोंत अख्खं लग्न बसवणारी माणसं होती. आग्फा क्लिक थ्रीवर तर रोलला बाराच निघत. ती मंडळी बटण दाबायच्या आधी विचार करीत. त्यांतली काही अजून स्टुडिओत बसलेली असतात आणि विचारलं की आनंदानं सांगतात. या काळात हातातल्या मोबाइलवर रोज ३६ च फोटो काढायचे, पुसायचे नाहीत, रात्री बसून बघायचे. तीन महिन्यांत आपल्याला यातलं काही येतं की नुसतीच हौस आहे, ते आपलं आपल्याला कळतं.

मुलींनीही या धंद्याकडं बघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. डोहाळजेवण, बारसं, हळद, बांगड्या भरणं, ही बायकांच्या घोळक्यातली कामं. तिथं परका पुरुष कॅमेरा घेऊन शिरला की बायका पदर सावरून ताठ बसतात. मुलगी गेली तर त्या मोकळ्या हसतात, आणि फोटो त्या हसण्याचाच चांगला येतो. घरच्यांची हरकत असते ती रात्रीच्या परतीची. दोघींनी जोडीनं काम घेतलं तर तीही अडचण सुटते, सामानही निम्म्या खर्चात होतं.

सामान घेतल्यावर ते टिकवण्याचं. जेजुरीचा भंडारा, जोतिबाचा गुलाल डोळ्याला सुंदर, कॅमेऱ्याला विष. तिथं लेन्स बदलायची नाही. घरूनच लावून न्यायची, वरून प्लॅस्टिकची पिशवी रबराने आवळायची, लेन्सपुरतं तोंड मोकळं. पावसाळ्यात कॅमेरा कातडी बॅगेत घालून कपाटात ठेवला की दिवाळीला बुरशी ठेवलेलीच. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पुडी टाका. निळे खडे गुलाबी झाले की ते ओल प्यायले. जुन्या पत्र्यावर मंद आचेला पुन्हा निळे होईपर्यंत तापवा. घरातला भाकरीचा तवा त्याला वापरू नका, ते खडे पोटात जाण्यासारखे नाहीत. आणि चातुर्मासात काम नसलं तरी आठवड्यातून एकदा डबा उघडून पाच-पंचवीस फोटो काढा. पोळ्याचे बैल असतात, शाळेचं झेंडावंदन असतं, गणपती असतात.